सुजाताबाईंचा निळा ठिपका

सुजाता रामटेके या बाईंविषयी मी आजवर एक ओळही लिहिली नाही. बोलणं तर टाळतच आलो. घरात त्यांचा विषय निघाला की मी चहाचं आधण ठेवायला उठायचो. माझी बायको नलिनी म्हणायची, "बाईंचं नाव काढलं की तुम्हाला बरी चहाची तल्लफ येते." आता मात्र लिहायला बसलो आहे. गेल्या महिन्यात इथे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या पापाकुराला एका हॉलमध्ये बाईंची आदरांजली सभा झाली. त्रिशरण-पंचशील झालं. मग त्यांची नात मैत्री पुढे आली आणि तिने इंग्रजीत आजीची एक आठवण सांगितली. आजीने एकदा एका मशीनवर निळा ठिपका लावला आणि आतलं काम करायचंच राहून गेलं. त्यातून एका माणसाला दुखापत झाली. तेव्हापासून आजी सगळ्यांना सांगायची, कितीही येत असलं तरी दोनदा तपासा. लोक मायेनं हसले. नंतर जुना सहकारी म्हणून मला बोलावलं. मी म्हणालो, "बाई फार कष्टाळू होत्या," आणि खाली येऊन बसलो.

कष्टाळू! हे त्यांनी ऐकलं असतं तर तिथल्या तिथे विचारलं असतं, "म्हणजे कशात जी? नीट सांगा ना."

तर नीट सांगतो. नातीने सांगितलेली गोष्ट खोटी आहे. तिला ते माहीत नाही आणि बाईंनाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं. स्पष्टच सांगतो, बाई असह्य होत्या.

आम्ही दोघं ग्रॅहम नावाच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये होतो, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात. उन्हाळ्यात क्वाड बाइक आणि लॉनमोवर, हिवाळ्यात डोंगरावरच्या स्की क्लबांच्या स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी ट्रॅक आणि वर मोटरसायकलसारखी बैठक, असं ते वाहन असतं. मी पुण्याचा, सर्व्हिस विभागाचा मुख्य, तिथे बरीच वर्षं मुरलेला. बाई नागपूरच्या, मेकॅनिकल इंजिनिअर. मुलाखतीला आल्या तेव्हा ग्रॅहमने विचारलं, स्नोमोबाइलचा काही अनुभव?

"बर्फ मी इथं येऊनच पाहिला," बाई म्हणाल्या. "पण क्लच नागपूरलाही असाच फिरते." आणि लगेच त्यांनीच उलट विचारलं, "तुमच्या मशीनवरचा काटा कुणाचा वेग दाखवतो? मशीनचा की ट्रॅकचा?"

ग्रॅहम म्हणाला, एकच झालं की.

बाईंनी पर्स खाली ठेवली. पुढे कितीतरी वेळा मी हे दृश्य पाहिलं. पर्स खाली गेली की समजावं, आता सुटका नाही. स्मोकोच्या, म्हणजे आमच्या चहाच्या सुट्टीच्या टेबलावर दूध पावडरीचा मोठा डबा होता. त्यांनी एक ट्रे घेतला, सगळी पावडर त्यात ओतली, हाताने सपाट केली. मग दोन बोटं त्यात ठेवून हळूहळू ओढली. बोटं तळाला गेली. पुन्हा सपाट केली आणि आता तीच बोटं झपझप चालवली. पावडर मागे उडत गेली आणि बोटं वरच्यावर राहिली.

"हा तुमचा ताजा बर्फ," त्या म्हणाल्या. "मशीन पुढं सावकाश गेलं तरी चालेल. खाली ट्रॅक जोरात फिरला पाहिजे. ट्रॅक मंदावला की मशीन खड्डा खोदते आणि त्यातच बसते."

ग्रॅहमने तिथल्या तिथे नोकरी दिली. चहाला दूध मात्र कुणालाच राहिलं नाही, आणि कोपऱ्यावरच्या डेअरीत ते आणायला मला पाठवलं. आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी.

पुढचं कळायला क्लचबद्दल दोन शब्द सांगावे लागतील. कमी शब्दांत सांगतो, बाईंना ते कधी जमलं नाही. स्नोमोबाइलला हाताने बदलायचे गिअर नसतात. क्लचच्या आत छोटी लोखंडी वजनं असतात. इंजिन फिरू लागलं की ती बाहेर फेकली जातात आणि गिअर आपोआप चढत जातो. जड वजनं घातली तर गिअर लवकर चढतो आणि कडक, दाबलेल्या बर्फावर मशीन गुपचूप, ऐटीत पळतं. पण डोंगरावर हवा विरळ, इंजिनाचा दम आधीच कमी झालेला. त्यात खोल भुसभुशीत बर्फ लागला की जड वजनं इंजिनाला दाबून टाकतात, ट्रॅक मंदावतो आणि मशीन रुततं. तिथे हलकी वजनं हवीत. मग इंजिन ओरडतं, पेट्रोल पितं, पण ट्रॅक फिरत राहतो.

इतकंच. बाई यावर दिवसभर बोलायच्या.

आणि फक्त मशीनबद्दल बोलल्या असत्या तरी चाललं असतं. डोंगरावर जाताना व्हॅन मी चालवायचो. खडीचा रस्ता, एकामागून एक वळणं, बाजूला दरी. बाई शेजारी बसून मान किंचित तिरपी करायच्या. आवाज ऐकायची त्यांची ती पद्धत होती, कोंबडी बघते तशी. "बापटसाहेब, इंजिन रडून राहिलं न जी."

"रडू दे."

"खालचा गिअर टाका ना."

"अहो रामटेकेबाई, मी तुमच्या आधीपासून गाडी चालवतोय."

"तेच तर म्हणून राहिले. इतकी वर्षं झाली न, तरी."

आमच्या घरी आल्या तर स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज ऐकून म्हणायच्या, "वहिनी, थोडं थोडं टाका. गुदमरून राहिला बिचारा." नलिनी हसायची. तिची आणि बाईंची छान मैत्री झाली. बाईंच्या जाकिटाच्या खिशात नेहमी निळ्या नेलपॉलिशची बाटली असायची. नलिनीने एकदा विचारलं, "नखांना तर कधी लावत नाहीस, मग बाळगतेस कशाला?"

"मशीनला लावते वहिनी. माझ्याहून तिलाच शोभते."

हे खरं होतं. ज्या मशीनमध्ये हलकी वजनं घातली त्याच्या क्लचच्या झाकणावर बाई एक निळा ठिपका लावायच्या. ठिपका असेल ते मशीन ताज्या बर्फात न्यायचं, नसेल ते कडक बर्फावर. झाकण उघडायची गरज नाही, कुणाला विचारायची गरज नाही. नेलपॉलिश पेट्रोलने पुसलं जात नाही, थिनरच लागतं, म्हणून ते निवडलं. मी विचारलं, निळाच का? बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हा प्रश्न नागपुरात कुणी विचारला नसता. "आमचा रंग आहे तो साहेब," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

डोंगरावरच्या पोरांना ठिपका फार आवडला. पडलेल्या स्कीवाल्यांना मदत करणाऱ्या स्की गस्तीवरचा हेमी नावाचा माओरी तरुण तर बाई दिसल्या की लांबूनच "किया ओरा, आंटी! आज ब्लू डॉट की नो डॉट?" असं ओरडायचा. हेमी होता त्या स्की क्लबचा व्यवस्थापक क्रेग मात्र कुरकुरायचा. हलक्या वजनांचा आवाज त्याला सहन व्हायचा नाही. तो बाईंना सांगायचा, मशीन किंचाळतंय. बाई सांगायच्या, "मला नका विचारू, बर्फाला विचारा." हे वाक्य त्या इंग्रजीत, मराठीत, एकदा तर चक्क फोनवर ओरडून म्हणाल्या. आणि मग क्रेग मला फोन करायचा. मी मधल्यामध्ये. बाईंचं काम असं की त्यांनी पेटवायचं आणि मी फुंकर मारत फिरायचं.

त्या नेहमी बरोबर असायच्या असंही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मेलेल्या माणसाला लोक देवपण देतात आणि बाईंना ते आवडलं नसतं. एकदा त्यांनी एका मशीनमध्ये फारच हलकी वजनं घातली. इंजिन बेफाम फिरलं, आतला बेल्ट तापून तुटला आणि त्याच्या चिंध्या सगळ्या क्लचभर झाल्या. ग्रॅहम लालबुंद होऊन आला. मी मनात म्हटलं, आता बघू बाई काय व्याख्यान देतात. बाईंनी झाकण उघडलं, चिंधी हातात घेतली आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. पुढं काय?" आणि नवा बेल्ट आणायला गेल्या. झालं. ग्रॅहमने तयार करून आणलेला सगळा राग त्याच्या तोंडातच राहिला. मी असं बोलणारा माणूस तोवर पाहिला नव्हता. आमच्या घरात चूक झाली की आधी ती कुणाच्या हातून झाली असू शकते याची चर्चा व्हायची.

आता ती गोष्ट.

ऑगस्टचे शेवटचे दिवस होते, म्हणजे इथला हिवाळाच. क्रेगच्या क्लबवर आम्ही दोघं गेलो. दक्षिणेकडून वादळ येणार होतं, शनिवार-रविवारी खूप बर्फ पडणार असा अंदाज. बाईंनी सकाळी शेडमध्ये दोनपैकी एका मशीनमध्ये हलकी वजनं घातली, झाकण लावलं, ठिपका लावला आणि व्हॅन घेऊन खालच्या तळावर बिघडलेला जनरेटर बघायला गेल्या. तेवढ्यात क्रेगने तेच मशीन दाबलेल्या वाटेवर फिरवून आणलं आणि कपाळाला आठ्या घालून माझ्यासमोर उभं केलं. किंचाळतंय, पितंय, काहीतरी कर. मी म्हणालो, बघतो. तो स्कीवाल्यांना वर ओढणाऱ्या फिरत्या दोरीला धरून डोंगरावर निघून गेला.

मी मशीन सुरू केलं. खरंच किंचाळत होतं. मला त्या आवाजाचा, त्या ठिपक्याचा, बर्फाला विचारण्याचा, सगळ्याचाच वीट आला होता. मी क्लच उघडला, हलकी वजनं काढली आणि जड घातली. सर्व्हिसचा मुख्य मी होतो, मला तो अधिकार होता. वाटेवर एक चक्कर मारली. मशीन कसं मऊ पळालं! मला बरं वाटलं. मग ठिपका पुसायला गेलो तर थिनर व्हॅनमध्ये, आणि व्हॅन बाईंकडे. म्हटलं, त्या आल्या की सांगू आणि पुसू.

त्या आल्या त्या बोलतच. "बापटसाहेब, चाकाची चेन कुणी बांधली होती? ढिली होती ना जी. वळणावर मी दरीत गेले असते, तर वहिनींना काय सांगितलं असतं तुम्ही?" बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना बांधतात ती चेन मीच बांधली होती. परतीच्या वाटेवर चेन कशी बांधावी हे मला पहिल्यापासून ऐकावं लागलं. मध्ये एकदा त्या श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा सांगता आलं असतं. पण वजनं बदलली म्हटलं असतं तर त्यांनी व्हॅन वळवायला लावली असती, आणि सबंध रस्ताभर ट्रॅकचा वेग ऐकावा लागला असता. मी ठरवलं, सोमवारी सांगू. सोमवारी सकाळी फोन करून क्रेगला सांगू, ठिपका पूस.

शनिवारी बर्फ पडला. रविवारी सकाळी वरच्या घळीत एक स्कीवाला पडला आणि हेमी प्रथमोपचाराची पेटी घेऊन निघाला. शेडमध्ये दोन मशीन होती. त्याने ठिपका असलेलं घेतलं. घळीच्या चढावर मशीनचा दम गेला, ट्रॅक मंदावला, मशीन मागून रुतलं, आडवं झालं आणि घसरत हेमीच्या पायावर आलं. स्कीवाल्याला बाकीच्यांनी चालत जाऊन आणलं, तो सुखरूप राहिला. हेमीचा गुडघा मात्र कायमचा गेला. गस्तीचं काम त्याला पुन्हा करता आलं नाही.

मशीन हॉर्नबीला आणलं. ग्रॅहम, क्रेग, मी आणि बाई. क्रेग म्हणाला, ठिपका असूनही मशीन चढलं नाही. बाई म्हणाल्या, शक्यच नाही, काहीतरी दुसरं झालं असेल, बेल्ट ओला झाला असेल. त्यांनीच स्क्रू काढले. त्यांना इतकी खात्री होती की झाकण निघाल्यावर आत न बघताच त्या बाजूला झाल्या आणि ग्रॅहमला पुढे केलं. "बघा तुम्हीच."

ग्रॅहमने पाहिलं. मग बाईंनी पाहिलं. एक वजन काढून तळहातावर घेतलं, त्यावरचा कोरलेला आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"मी बदलली होती," त्या म्हणाल्या.

"सू, ठिपका तुझा आहे," ग्रॅहम म्हणाला. तिथे सगळे त्यांना सू म्हणायचे.

"हो. आणि वजनंही मीच घातली होती. हलकी."

क्रेग माझ्याकडे वळला. "बापट, मी तुला मशीन दाखवलं होतं. तू उघडलंस का?"

सांगायची वेळ तीच होती. तिच्याइतकी सोपी वेळ पुन्हा कधी आली नाही.

मी म्हणालो, "नाही. नुसता आवाज ऐकला. मला ठीक वाटला."

बाई माझ्याकडे वळल्या आणि त्या गोऱ्यांसमोर मराठीत म्हणाल्या, "बापटसाहेब, सकाळी शेडमध्ये तुम्ही होता ना? मी बदलताना पाहिलं ना तुम्ही?"

मी पाहिलं होतं. त्यांच्या मागेच उभा होतो. मी म्हणालो, "मी तेव्हा गाडीच्या चेनचं बघत होतो."

का बोललो असं? भीती होती हे खरं. हेमीचा गुडघा, नोकरी, सगळंच डोळ्यांपुढे होतं. पण तेवढंच असतं तर मी कदाचित नंतर स्वतःला माफ केलं असतं. त्या क्षणी माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. ही बाई एकदा तरी चुकीची ठरतेय आणि गप्प बसतेय, याचा मला आनंद झाला होता. फार थोडा वेळ, पण झाला होता.

विचार करा. जी बाई बेल्टची चिंधी हातात घेऊन चटकन "चुकलं माझं" म्हणते, ती या वेळी नाही म्हणतेय, तर त्यात काही तथ्य असेल, हे तिथे कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्या तर येण्याचा प्रश्नच नव्हता.

बाईंना स्नोमोबाइलवरून काढलं. लॉनमोवर आणि क्वाड बाइक एवढंच काम. ठिपका बंद झाला, त्याच्या जागी ग्रॅहमने छापील कार्डं आणली, ती ओली होऊन फाटायची. आणि ख्राइस्टचर्चमधल्या आमच्या मराठी मंडळींत ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. त्या वर्षी गणपतीच्या जेवणाला सगळे जमले होते. बाई गणपती मानत नव्हत्या, पण नलिनीने बोलावलं म्हणून दर वर्षी यायच्या आणि पाटवडीचं पातेलं घेऊन यायच्या. मी पंगतीत आमटी वाढत होतो. आयटीतला एक गृहस्थ, त्याला स्क्रू आणि खिळा यांतला फरक कळत नसेल, माझ्याकडे डोळे बारीक करून म्हणाला, "बाईंची ॲडमिशन कुठल्या दारातून झाली असेल, ते आता कळलं." दोन-तीन जण हसले.

बाई चहाच्या भांड्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या गृहस्थाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं काम जवळून पाहिलेला त्या खोलीत मी एकटाच होतो आणि मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी पुढच्या वाटीत आमटी घातली.

त्यानंतर त्या मंडळात आल्या नाहीत.

आणि मग जे झालं त्याने मला सर्वांत जास्त छळलं. बाई गुणी झाल्या. क्वाड बाइक बघायला शेतांवर जाताना व्हॅनमध्ये शेजारी बसायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. मी मुद्दाम वरच्याच गिअरमध्ये चढ चढायचो, इंजिन हुंदके द्यायचं, बाई गप्प. मी म्हणायचो, "रडतंय का हो इंजिन?" त्या म्हणायच्या, "तुम्हाला माहीत जी." लॉनमोवरची साधी पाती बदलली तरी मला बोलवायच्या. "बापटसाहेब, एकदा बघता का? लागली का नीट?" मी चिडायचो. लागली आहे, दिसतेय ना, कशाला विचारता? त्या मान खाली घालून पुन्हा पान्हा लावून बघायच्या. त्यांची कटकट मी इतकी वर्षं सोसली होती, आता ती कटकट थांबली आणि मला वर्कशॉपमध्ये बसवेना. नलिनी एकदा म्हणाली, "सुजाता आली तर मिक्सरबद्दल काही बोललीच नाही हो." मी चहाचं आधण ठेवायला उठलो.

यजमान वारल्यावर बाई मुलीकडे पापाकुराला राहायला गेल्या. मुलगी तिथून जवळच ईस्ट टामाकीत कुठल्याशा गोदामाची व्यवस्था बघायची. नलिनी होती तोवर दोघींचे फोन चालायचे. नलिनी गेल्यावर बाईंचा फोन आला. तेव्हाच मी ठरवलं की आता समोर जाऊन सांगायचं.

भाच्याच्या घरी ऑकलंडला गेलो होतो, तिथून ट्रेनने पापाकुराला गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. बाई स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. वाळल्या होत्या, केस पांढरे, पण चाल तीच. घरी मैत्री होती, तेव्हा कॉलेजात जाणारी. तिची स्कूटर अंगणात उभी होती आणि ती कुरकुरत होती की चढावर ओढतच नाही. स्कूटरचा क्लच म्हणजे स्नोमोबाइलच्या क्लचचं धाकटं भावंड. आतही तशीच वजनं. मला वाटलं, आता पर्स खाली जाईल.

"आजी, कॅन यू हॅव अ लुक? प्लीज?"

"नको बाई. दुकानात दाखव."

"बट यू नो हीप्स अबाउट इट!"

"माहीत असून काय उपयोग? लक्ष राहिलं पाहिजे ना. ठिपका लावला आणि वजनं विसरले, तशी मी." मग माझ्याकडे बघून हसल्या. "नाही का बापटसाहेब? तेव्हा किती भांडले मी, की मी बदलली होती म्हणून! खरंच वाटायचं हो मला. अजूनही कधी कधी हाताला आठवते, ते हलकं वजन घालताना. पण माणसाचं मन असंच असते. झाकण उघडल्यावर तर दिसलंच न. शेवटी कबूल केलं मी. चुकलं माझं. पुढं काय?"

माझ्या हातात चहाचा कप होता. मी म्हणालो, "सुजाताबाई, त्या दिवशी..."

"जाऊ द्या हो. त्या पोराचा गुडघा मात्र गेला माझ्या हातून. त्याला मी दर ख्रिसमसला फोन करते. तो म्हणते, आंटी, स्वीट ॲज, सगळं ठीक आहे. पण मला माहीत आहे ना."

मी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. माझ्या चुकीची माफी त्या दर वर्षी मागत होत्या. आता खरं सांगायचं म्हणजे वजनं मी बदलली एवढंच सांगून भागणार नव्हतं. तुमचा हात खरं आठवत होता आणि तुम्हाला त्याच्यावरचा विश्वास मी सोडायला लावला, हेही सांगावं लागणार होतं. मी बिस्किट घेतलं. मैत्रीला विचारलं, काय शिकतेस? ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

बाई मला पोचवायला स्टेशनपर्यंत आल्या. वाटेत मी दोनदा तोंड उघडलं. एकदा समोरून बस आली आणि एकदा काहीच आलं नाही. गाडी उभीच होती. मी आत चढून खिडकीपाशी बसलो. दारं बंद झाली. गाडी हलली तशी बाईंनी मान किंचित तिरपी केली, तीच कोंबडीसारखी. गाडीचा आवाज ऐकत होत्या, नीट ओढतेय की नाही बघत होत्या. इतक्या वर्षांनी ती मान पुन्हा तिरपी झालेली मी पाहिली. मग त्यांनी काचेकडे हात करून मला काहीतरी सांगितलं. बहुधा गाडीबद्दलच असेल. मला ऐकू आलं नाही. मीही काचेतून बोललो, तेही त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हसून हात हलवला. मी "जपून राहा" असं काहीतरी म्हणत असेन, असं त्यांना वाटलं असणार.

मी तेव्हा काय म्हणालो ते मैत्रीला कळावं, हेमीला कळावं आणि आमटीच्या पंगतीत हसलेल्यांपैकी जे कुणी उरले असतील त्यांनाही कळावं, म्हणून इथे लिहितो.

सुजाताबाई, ठिपका बरोबर होता. हलकी वजनं तुम्ही घातली होती, मी पाहिली होती. ती मी काढली. चुकलं माझं.